दुसरी किल्ली कोणाकडे?

दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या तारा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असत. युद्धाचा काळ असल्याने त्याबद्दल कोणी फारशी तक्रार करीत नसे. १९४५ साली युद्ध संपले, सेन्सॉर उठला आणि लोकांच्या तारा वाचायला कायद्याचा आधार उरला नाही. तरीही त्याच वर्षी लष्कराच्या गुप्तसंदेश विभागाचे अधिकारी वेस्टर्न युनियन, आरसीए आणि आयटीटी या तीन मोठ्या तार कंपन्यांकडे गेले. आंतरराष्ट्रीय तारांच्या प्रती आम्हाला पूर्वीप्रमाणेच मिळत राहाव्यात, अशी त्यांनी विनंती केली. हे बेकायदेशीर ठरू शकेल अशी सूचना वकिलांनी दिली होती. कंपन्यांनी तरीही होकार दिला. ‘शॅमरॉक’ असे सांकेतिक नाव असलेली ही व्यवस्था पुढे तीस वर्षे बिनबोभाट चालली.

सुरुवातीला तारांच्या कागदी प्रती आणि भोके पाडलेल्या कागदी फिती नेल्या जात. १९५२ मध्ये नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजेच एनएसए, ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आले. साठीच्या दशकात चुंबकीय फिती आल्या. एनएसएचा एक माणूस रोज आगगाडीने न्यूयॉर्कला जाई आणि आदल्या दिवशीच्या तारांची रिळे घेऊन परत येई. पुढे पुढे तर महिन्याला सुमारे दीड लाख तारा छाननीसाठी तज्ज्ञांच्या टेबलावर जाऊ लागल्या. चुंबकीय फितीमुळे एक मोठा फरक पडला, तो इथे नोंदवून ठेवला पाहिजे. कागदी तारांचा ढीग माणसालाच चाळावा लागतो, आणि माणूस दमतो. फीत मात्र संगणकात घातली की हवी ती नावे संगणकच शोधून काढतो. संगणक दमत नाही.

अशा ‘हव्या’ नावांची यादीही होती. १९६७ ते १९७३ या काळात तिच्यात सुमारे १,६५० अमेरिकी नागरिकांची नावे होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे आणि नागरी हक्कांच्या चळवळीतले लोक त्यांत होते. मार्टिन ल्यूथर किंग होते, मुष्टियोद्धा मुहम्मद अली होता. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने हा सारा प्रकार चव्हाट्यावर आणला. २०१३ मध्ये आणखी काही कागदपत्रे खुली झाली, तेव्हा कळले की त्या यादीत खुद्द चर्च यांचेही नाव होते!

चौकशीनंतर कायदे झाले, परवानगी देणारे खास न्यायालय नेमले गेले. पण त्याच सुमारास अगदी निराळ्या लोकांनी या प्रश्नाला हात घातला होता. ते वकील नव्हते, पुढारी नव्हते. ते गणिताचे आणि विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षक-विद्यार्थी होते. तार कोणाच्याही हाती पडली तरी ती वाचताच येऊ नये, अशी तजवीज खुद्द तारेतच का करू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नावरून सरकारे आणि गणिती यांच्यात झालेली ओढाताण होय. आज आपली बँकखाती, निरोप, शाळेच्या पटावरील मुलांची माहिती असे सारेच तारांवरून आणि लहरींवरून धावत असल्याने ही ओढाताण आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे.

छप्पन्न बिटांचे कुलूप

गुप्तलेखनाची विद्या जुनी, पण १९७० पर्यंत ती जवळजवळ पूर्णपणे लष्करांच्या आणि परराष्ट्र खात्यांच्या ताब्यात होती. बँकांचे संगणक दूरध्वनीच्या तारांवरून एकमेकांशी बोलू लागले, तेव्हा सामान्य व्यवहारालाही कुलपाची गरज भासू लागली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९७३ मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये अशा कुलपासाठी जाहीर आवाहन केले. आयबीएम कंपनीत हॉर्स्ट फाइस्टेल यांनी ‘ल्युसिफर’ नावाची एक पद्धत विकसित केली होती. तिच्यातूनच पुढे १९७७ साली ‘डेटा एन्क्रिप्शन स्टँडर्ड’, म्हणजे डीईएस, हे मानक सिद्ध झाले.

येथे थोडे किल्लीच्या गणिताकडे वळू. प्रवासी बॅगेला तीन चक्रांचे आकड्यांचे कुलूप असते. त्याच्या ००० ते ९९९ अशा एक हजार शक्यता. चिकाटी असलेला चोर अर्ध्या तासात सगळ्या करून पाहील. संगणकी कुलपाची किल्ली म्हणजे ० आणि १ यांची एक माळ. माळेत एक मणी, म्हणजे एक बिट, वाढवला की शक्यता दुप्पट होतात. ४० बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी आणि ५६ बिटांच्या सुमारे ७२० कोटी कोटी.

डीईएसची किल्ली ५६ बिटांची ठरली. ५६ च का? एनएसएचा तिच्या स्वतःच्याच माणसाने लिहिलेला अंतर्गत इतिहास पुढे बऱ्याच अंशी खुला झाला. त्यात नोंद आहे की किल्ली ६४ ऐवजी ४८ बिटांची करावी, असा संस्थेचा आग्रह होता आणि अखेर तडजोड ५६ वर झाली. भाजी मंडईतल्या घासाघिशीसारखी ही घासाघीस वाटते खरी, पण ४८ आणि ५६ मधला फरक आठाचा नसून २५६ पटींचा आहे. बाहेरच्या कोणालाही फोडता येणार नाही, पण आपल्या यंत्रांना कधीतरी फोडता येईल, अशा जागी ती रेषा आणण्याचा हा प्रयत्न होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्टिन हेलमन आणि व्हिटफील्ड डिफी यांनी याला जाहीर हरकत घेतली. त्यांचा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात करून घेण्यासारखा आहे. समजा, दर सेकंदाला दहा लाख किल्ल्या तपासणारी एक चकती बनवली आणि अशा दहा लाख चकत्या एकत्र जोडल्या. म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासून होतील. ७२० कोटी कोटींना एक लाख कोटींनी भागा. उत्तर येते ७२,००० सेकंद, म्हणजे २० तास. सरासरीने किल्ली त्याच्या निम्म्या वेळात सापडेल. असे यंत्र सुमारे दोन कोटी डॉलरमध्ये होईल, असा त्यांचा १९७७ चा अंदाज होता. बँकेला हा खर्च परवडणार नाही, पण सरकारला सहज परवडेल. आणि आज जे फक्त सरकारला परवडते ते वीस वर्षांनी कोणालाही परवडू लागेल, असेही त्यांनी बजावले होते. १९९८ च्या जुलैमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या खासगी संस्थेने अडीच लाख डॉलरहून कमी खर्चात तसे यंत्र बांधले आणि ५६ बिटांची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली.

या कथेला दुसरी बाजूही आहे. डीईएसच्या आतल्या काही कोष्टकांत एनएसएच्या सल्ल्याने बदल झाले होते आणि त्यांची कारणे गुप्त ठेवली गेली. तिथे चोरदरवाजा असणार, असा संशय वर्षानुवर्षे होता. १९९० च्या सुमारास एली बिहम आणि आदी शमीर या इस्रायली गणितींनी कूटसंदेश फोडण्याची एक नवी पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा दिसले की ती कोष्टके नेमकी याच पद्धतीला तोंड देण्यासाठी घडवलेली आहेत. ही पद्धत आयबीएमला १९७४ मध्येच ठाऊक होती, असे तिथल्या डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९४ मध्ये लिहिले. म्हणजे एकीकडे कुलपाचे पोलाद पक्के झाले होते आणि दुसरीकडे किल्ली आखूड राहिली होती. एकाच संस्थेवर देशाचे संदेश सांभाळण्याचे आणि इतरांचे संदेश वाचण्याचेही काम सोपवले की असेच होणार. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ या दुहेरी नेमणुकीत आहे.

उघडी किल्ली

कुलूप कितीही चांगले असले तरी एक अडचण राहतेच. पुण्याच्या माणसाने नागपूरच्या माणसाला कुलूपबंद पेटी पाठवली, पण किल्ली कशी पाठवायची? ती पोस्टाने पाठवली तर पोस्टातला माणूस तिची नक्कल करील. राजे-महाराजे यासाठी विश्वासू दूत पाठवीत. कोट्यवधी अनोळखी लोकांमध्ये रोज चालणाऱ्या व्यवहाराला असे दूत कुठून आणायचे?

१९७४ साली बर्कली येथे राल्फ मर्कल नावाच्या विद्यार्थ्याने या अडचणीतून मार्ग सुचवणारा एक प्रकल्प आपल्या शिक्षकांपुढे मांडला. शिक्षकांना तो पटला नाही. मर्कलने तो अभ्यासक्रमच सोडून दिला, कल्पना मात्र सोडली नाही. आपल्यासारख्या शिक्षकांनी ही घटना अधूनमधून आठवावी. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये डिफी आणि हेलमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि किल्ली न पाठवताही गुप्त संदेश पाठवता येतो हे जगासमोर आले. त्यांची कल्पना थोडक्यात अशी. मी माझी अनेक कुलपे उघड्या अवस्थेत गावभर वाटून ठेवतो. ज्याला मला पत्र पाठवायचे असेल त्याने पेटीत पत्र ठेवावे आणि माझे कुलूप दाबून लावावे. कुलूप लावायला किल्ली लागत नाही. उघडायला मात्र लागते आणि ती फक्त माझ्याकडे आहे.

असे कुलूप संख्यांपासून कसे बनवायचे, हे १९७७ मध्ये एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दाखवले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत आरएसए म्हणून ओळखली जाते. एक छोटे उदाहरण फळ्यावर करून दाखवता येईल.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. मी जाहीर करतो, ‘माझे कुलूप ३३ आणि ३.’ तुम्हाला मला ४ हा आकडा गुप्तपणे कळवायचा आहे. तुम्ही ४ चा घन करा, ६४. त्याला ३३ ने भागा, बाकी ३१. हा ३१ खुशाल पोस्टकार्डावर लिहून पाठवा. माझी गुप्त किल्ली आहे ७. मी ३१ चा सातवा घात करून त्याला ३३ ने भागतो. एवढा मोठा गुणाकार टाळायला एक युक्ती आहे. ३१ म्हणजे ३३ ला २ कमी, म्हणून ३१ ऐवजी उणे २ घ्या. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यात ३३ ची चौपट, म्हणजे १३२, मिळवा. उरले ४. तुमचा निरोप पोहोचला.

हा ७ कुठून आला? मूळ संख्यांतून प्रत्येकी एक वजा करून गुणाकार करा: २ गुणिले १०, म्हणजे २०. आता ३ ला कशाने गुणले म्हणजे २० ने भागून बाकी १ उरेल? ३ गुणिले ७, एकवीस. म्हणून ७. म्हणजे ३३ चे अवयव माहीत असतील तरच ७ काढता येतो. ३३ चे अवयव पाचवीतला मुलगाही पाडील. पण संख्या सहाशे अंकी असेल तर आजचे सगळे संगणक जोडूनही ते काम व्यवहारात होत नाही. मुलांना ५५ आणि ३ हे कुलूप देऊन त्याची गुप्त किल्ली शोधायला सांगावे. थोडी झटापट होईल, पण २७ हे उत्तर त्यांना सापडेल.

हीच कल्पना ब्रिटनच्या सरकारी गुप्तसंदेश संस्थेत जेम्स एलिस यांना १९७० मध्ये आणि तिचे गणित क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ मध्ये सुचले होते. ते कपाटात बंद राहिले आणि १९९७ साली उजेडात आले. गुप्त विज्ञानाची ही किंमत असते.

गणित म्हणजे दारूगोळा

अमेरिकेच्या कायद्यात गुप्तलेखनाची साधने रणगाडे आणि तोफगोळ्यांच्या यादीत होती. परवान्यावाचून ती परदेशी पाठवणे गुन्हा होता. १९७७ च्या उन्हाळ्यात विद्युत अभियंत्यांच्या संघटनेला एक पत्र आले. या विषयावरचे निबंध परदेशी श्रोत्यांसमोर वाचणे म्हणजे शस्त्रास्त्रांची निर्यात ठरू शकते, असे त्यात सुचवले होते. पत्र लिहिणारा एनएसएचा कर्मचारी निघाला. त्याने ते स्वतःच्या जबाबदारीवर लिहिले, असे संस्थेने सांगितले. त्या ऑक्टोबरमध्ये कॉर्नेल विद्यापीठात परिषद होती आणि हेलमन यांचे दोन विद्यार्थी, मर्कल आणि पोहलिग, तिथे निबंध वाचणार होते. खटला झालाच तर विद्यार्थ्यांची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपेल, असे विद्यापीठाच्या वकिलाने सांगितले. शेवटी निबंध हेलमन यांनी वाचले आणि दोघे विद्यार्थी शेजारी मुकाट उभे राहिले. खटला काही झाला नाही.

१९९१ मध्ये हे गणित प्रयोगशाळेबाहेर पडले. दूरसंचार यंत्रणांनी सरकारला संदेशांचा मूळ मजकूर मिळेल अशी सोय ठेवावी, अशा अर्थाचे एक कलम त्या वर्षी अमेरिकी सिनेटपुढे आले होते. फिल झिमरमन या प्रोग्रामरने घाईघाईने ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ नावाचा प्रोग्राम पूर्ण केला आणि जूनमध्ये तो फुकट वाटला. घरच्या संगणकावर कोणालाही लष्करी तोडीचे कुलूप मिळाले. प्रोग्राम लवकरच देशाबाहेर गेला आणि झिमरमन यांच्यामागे सीमाशुल्क खात्याची चौकशी लागली. ती जवळजवळ तीन वर्षे चालून जानेवारी १९९६ मध्ये आरोपपत्राविना संपली. मधल्या काळात, १९९५ मध्ये, एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने हा सबंध प्रोग्राम पुस्तकरूपाने छापला. फ्लॉपीवर तो दारूगोळा होता आणि कागदावर साहित्य! पुढे नव्या आवृत्तीची छापील पाने युरोपात नेऊन, संगणकाने वाचून, तिथे प्रोग्राम पुन्हा जुळवण्यात आला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र नाही. अपहरण, खंडणी, बॉम्बस्फोट यांच्या तपासात संभाषणे टिपण्याचा उपयोग होतोच. २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार यांची संभाषणे हल्ला चालू असतानाच टिपली गेली आणि पुढे ती पुरावा म्हणून न्यायालयात आली. त्यामुळे ‘आम्हाला न्यायालयाच्या हुकमानेच उघडता येईल अशी दुसरी किल्ली ठेवू द्या’ ही मागणी पहिल्यांदा ऐकताना रास्त वाटते. १९९३ च्या एप्रिलमध्ये क्लिंटन सरकारने ती प्रत्यक्ष मांडली. ‘क्लिपर’ नावाची एक चकती दूरध्वनी यंत्रांत बसवायची. तिच्यातले कुलूप ८० बिटांचे, म्हणजे भक्कम. पण प्रत्येक चकतीच्या किल्लीचे दोन भाग करून ते दोन सरकारी खात्यांकडे वेगवेगळे ठेवायचे. पोलिसांनी हुकूम दाखवला की दोन्ही भाग जोडून किल्ली त्यांना द्यायची.

पोलिसांना चकती ओळखता यावी म्हणून प्रत्येक संभाषणाबरोबर एक छोटी चिठ्ठी जोडली जाई. ती खरी आहे की नाही याच्या पडताळणीसाठी १६ बिटांची एक खूण होती. चिठ्ठी खोटी असेल तर समोरची चकती बोलणे नाकारी. १९९४ मध्ये बेल लॅब्जमधील मॅट ब्लेझ या संशोधकाने एक साधी गोष्ट दाखवली. १६ बिटांच्या शक्यता केवळ ६५,५३६. यंत्राला मनाला येतील त्या चिठ्ठ्या देत राहिले तर सरासरी पाऊण तासाच्या आतच एखादी खपून जाते. मग कुलूप भक्कम राहते आणि सरकारची किल्ली मात्र निरुपयोगी होते. म्हणजे सबंध यंत्रात लंगडा निघाला तो सरकारसाठी ठेवलेल्या दरवाजाचाच भाग. ग्राहकांनीही क्लिपरकडे पाठ फिरवली आणि दोन-तीन वर्षांत ते प्रकरण निकालात निघाले.

उरलेल्या फटी

क्लिपर गेले, पण निर्यातीची बंधने राहिली. परदेशी विकल्या जाणाऱ्या प्रोग्रामांत कुलूप ४० बिटांचे आणि आरएसएची संख्या ५१२ बिटांची, म्हणजे सुमारे १५५ अंकी, एवढीच मर्यादा. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने २५० संगणक जोडून ४० बिटांचे कुलूप साडेतीन तासांत फोडले. २००० साली बंधने बरीच सैल झाली. विषय संपला असे सर्वांना वाटले.

तो संपला नव्हता. मार्च २०१५ मध्ये संशोधकांच्या लक्षात आले की असंख्य संगणकांत ती जुनी, मुद्दाम दुबळी केलेली कुलपे अजून पडून आहेत. मधल्या कोणी थोडी लबाडी केली तर ती वापरायला दोन्ही बाजूंना भाग पाडता येते, आणि ५१२ बिटांची संख्या आता सुमारे शंभर डॉलर भाड्याच्या संगणकांवर एका रात्रीत फोडता येते. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी निवडलेल्या संकेतस्थळांत खुद्द एनएसएचे संकेतस्थळ होते.

त्याआधी ग्रीसमध्ये जे घडले ते अधिक गंभीर होते. २००४ मधील अथेन्स ऑलिम्पिकच्या सुमारास व्होडाफोन कंपनीच्या तिथल्या दूरध्वनी केंद्रांत कोणीतरी शिरले. या केंद्रांच्या प्रोग्राममध्ये पोलिसांच्या कायदेशीर चोरून ऐकण्यासाठी केलेली सोय होती. घुसखोरांनी स्वतःचे काही नवे यंत्र बसवले नाही. हीच सोय गुपचूप चालू केली. पंतप्रधान, मंत्री, अधिकारी अशा शंभराहून अधिक जणांचे मोबाइल फोन मार्च २००५ पर्यंत ऐकले जात होते. सरकारनेच आपल्या सोयीसाठी करवून घेतलेली खिडकी सरकारच्याच कानाशी उघडली.

आता आपल्याकडे पाहू. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने इंग्रज सरकारने तारा अडवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि तो स्वातंत्र्यानंतरही राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर काही बंधने घातली. २००० च्या आगेमागे इंटरनेट कंपन्यांना जे परवाने मिळाले त्यांत एक मजेशीर अट होती. परवानगीविना फक्त ४० बिटांपर्यंतचे कुलूप वापरता येईल. त्याहून मोठे हवे असेल तर परवानगी घ्या आणि किल्लीचे दोन भाग करून ते सरकारी खात्याकडे जमा करा. क्लिपरचीच ही धाकटी बहीण. गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचे कुलूप सांगितले होते. एक हात म्हणे ४०, दुसरा म्हणे १२८. व्यवहारात अर्थातच १२८ चालले, नाहीतर कोणी पैसे पाठवलेच नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने कूटलेखन धोरणाचा एक मसुदा काढला. नागरिकांनी आपल्या गुप्त संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, असे त्यात होते. ओरड झाली आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातून येणारा मूलभूत हक्क आहे. हा हक्क अमर्याद नाही. सरकारला त्यात शिरायचे तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. तार कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. संदेश अडवण्याचा अधिकार त्यातही आहे.

कुलपाने काय साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या पहिल्याच कागदात कोणाचेही संभाषण नव्हते. एका मोठ्या दूरध्वनी कंपनीने कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याच्या नोंदी रोज एनएसएला द्याव्यात, असा तो हुकूम होता. पाकिटातले पत्र सुरक्षित असले तरी पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो, आणि रात्री दोन वाजता डॉक्टरला, मग वकिलाला, मग भावाला केलेल्या फोनांवरून पत्र न वाचताही बरेच काही कळते. तसेच, हेर थेट तुमच्या फोनमध्ये शिरला तर वाटेवरच्या कुलपाचा उपयोग नाही. तो तुमच्या खांद्यावरून वाचत असतो. २०१९ मध्ये ‘पेगासस’ हा हेर-प्रोग्राम सुमारे १,४०० फोनांकडे रवाना झाल्याचे व्हॉट्सॲपने उघड केले. त्यांतले काही फोन भारतातले होते.

क्लिपरनंतर पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, अमेरिकेने आणखी एक कायदा केला होता. दूरध्वनी कंपन्यांनी आपल्या यंत्रणेत पोलिसांसाठी ऐकण्याची सोय बांधूनच ठेवली पाहिजे, असा तो कायदा. तीस वर्षांनी, २०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, उघडकीस आले की चीनशी संबंधित हेर अनेक अमेरिकी दूरध्वनी कंपन्यांच्या यंत्रणांत शिरले होते. न्यायालयीन हुकमांनुसार पोलिसांनी मागवलेली काही माहितीही त्यांनी उचलली होती, असे एफबीआयने नोव्हेंबरमध्ये मान्य केले. डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने वरिष्ठ अधिकारी आणि राजकारणी यांच्यासाठी सूचनापत्रक काढले. साध्या फोनवर आणि एसएमएसवर विसंबू नका, दोन टोकांखेरीज मधल्या कोणालाही वाचता येणार नाहीत अशा कूटसंदेशांचीच ॲप वापरा, असे त्यात लिहिले आहे.